गळती रामेश्वरी, डाग सोमेश्वरी!

सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढली आणि मागे फरशीवर काळा डाग दिसला, की वॉचमनपासून शेजारच्या काकांपर्यंत प्रत्येकाकडे निदान तयार असतं. ‘इंजिन उतरवावं लागणार’ हे त्यातलं सर्वांत लाडकं. प्रत्यक्षात पुष्कळदा सगळ्या गोंधळाचं मूळ एखाद्या वॉशरमध्ये किंवा कडक झालेल्या रबराच्या पट्टीत निघतं. अडचण दुरुस्तीची नसतेच. ऑइल नेमकं कुठून येतंय, ते सापडत नाही आणि तिथेच खिशाला कात्री लागते.

आधी डागाची कुंडली मांडा

पांढरा टिश्यू घ्या आणि डागावर टेकवा. रंग नाही, वास नाही, नुसतं पाणी? मग ते एसीचं. मुंबईच्या दमट हवेत एसी लावून तासभर फिरलात आणि गाडीखाली पाणी ठिबकलं नाही, तरच काळजी करा. हिरवा, गुलाबी किंवा निळा, बोटांना चिकटणारा, गोडूस वासाचा द्रव म्हणजे कूलंट. तो विषारी असतो, पण चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटायला येतात. दिसला की लगेच धुऊन टाका. लालसर तेल ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं असतं. नाक मुरडावं अशा गंधकी वासाचं तेल मॅन्युअल गिअरबॉक्सचं. दातांवरचा दाब सोसण्यासाठी त्यात गंधकाची रसायनं मुद्दाम घातलेली असतात. आणि फिकट पिवळसर पातळ द्रव चाकाच्या आतल्या बाजूला दिसला, तर थट्टा बाजूला ठेवा. ते ब्रेक ऑइल आहे. गाडी हलवू नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.

उरलं ते इंजिन ऑइल. नवं असताना मधाळ, वापरलं की काळं. काळं झालं म्हणजे बिघडलं, हा समज मात्र काढून टाका. ऑइलमधली डिटर्जंट काजळी उचलून स्वतःत धरून ठेवतात, म्हणून ते काळं पडतं. म्हणजे ते काम करतंय. डिझेल गाडीत तर नवं ऑइल भरून इंजिन चालू केलं की थोड्याच वेळात काळं दिसायला लागतं.

फ्रँकलिनच्या काठीतलं तेल

डाग मोठा म्हणजे गळती मोठी, असं मात्र नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा आणि विजेच्या प्रयोगांसाठी गाजलेला बेंजामिन फ्रँकलिन खेड्यापाड्यांत फिरायला निघाला, की बांबूच्या काठीच्या पोकळ पेरात थोडं तेल घेऊन जायचा. लंडनच्या क्लॅपहॅम कॉमनवरच्या तळ्यात त्याने चमचाभर तेल ओतलं आणि बघता बघता अर्ध्या एकरावरच्या लाटा निवल्या. हा वृत्तांत १७७४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. अर्धा एकर म्हणजे आपले २० गुंठे. एका चमच्यात! मिलिमीटरचे काही लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाइतकी त्या थराची जाडी भरते.

जुलै महिन्यात ओल्या पार्किंगमध्ये सप्तरंगी पट्टे दिसले की ‘गाडीतलं सगळं ऑइल गेलं’ म्हणून धावाधाव होते, ती यामुळेच. तेलाच्या पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि रंग उमटतात. एवढा देखावा करायला दोन-चार थेंबही पुरतात.

पण थेंबाला हलक्यातही घेऊ नका. दर १० सेकंदांना एक थेंब म्हणजे २४ तासांत ८,६४० थेंब. एका मिलिलिटरमध्ये २० ते ४० थेंब धरले, तर दिवसाला २१६ ते ४३२ मिलिलिटर ऑइल जमिनीवर. छोट्या पेट्रोल गाडीच्या इंजिनात एकूण ऑइलच साधारण ३ ते ३.५ लिटर असतं आणि डिपस्टिकवरच्या दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत १ लिटरच्या आसपास. सुदैवाने सहसा इंजिन चालू असतानाच गळती जोरात असते, रात्रभर नाही. म्हणून डागाचा आकार बघण्यापेक्षा दर रविवारी डिपस्टिक बघा. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली, काठी एकदा पुसून पुन्हा घातलेली. एवढं केलंत तरी पुरे.

ऑइल मागे पळतं

गाडी धावते पुढे, वारा येतो समोरून आणि ऑइल वाहतं खाली. तेव्हा वर, पुढच्या बाजूला फुटलेली गळती इंजिनच्या अंगाखांद्यावरून ओघळत मागे जाते आणि भलत्याच ठिकाणी ठिबकते. त्यात इंजिनखाली प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर बघायलाच नको. सगळं ऑइल त्या कव्हरात साचतं आणि त्याच्या सोयीच्या भोकातून बाहेर पडतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, तो हा प्रकार.

यातला सर्वांत महागडा घोटाळा ठरलेला आहे. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं, ऑइल इंजिनच्या पाठीवरून उतरलं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावर ठिबकायला लागलं. खालून टॉर्च मारणारा म्हणतो, ‘साहेब, मागचं क्रँक सील गेलं.’ गिअरबॉक्स उतरतो, सील बदललं जातं, बिल फाडलं जातं आणि आठवड्याने डाग पुन्हा हजर. चोर सोडून संन्याशाला फाशी.

म्हणून जाणत्या मेकॅनिकचा नियम असा: सर्वांत खालचा ओला भाग बघायचा नाही, सर्वांत वरचा बघायचा.

पावडर लावा, चोर पकडा

हा प्रयोग घरी करण्याजोगा आहे आणि बघायलाही मजा येते. इंजिन गार असताना तेलकट भाग डीग्रीझरने पुसून घ्या. पाण्याचा फवारा नको. अल्टरनेटर आणि सेन्सरचे प्लग त्याला भितात. सगळं खडखडीत वाळलं की संशयित जागांवर साधी टाल्कम पावडर हलक्या हाताने भुरभुरा, पट्टे आणि एअर फिल्टरचं तोंड सोडून. आता दहा-पंधरा किलोमीटर चक्कर मारून या आणि बॉनेट उघडा. पांढऱ्या पावडरीवर एक बारीक तपकिरी रेघ उमटलेली दिसते. ती खालून वर वाचायची. रेघ जिथे सुरू होते, जिथे पावडर पहिल्यांदा ओली होऊन गोळा झालेली असते, तिथे आरोपी. बहुधा तिथे जोडाच्या फटीत एक टपोरा थेंबही लोंबकळत असतो.

मोठ्या वर्कशॉपमध्ये हेच काम चमकणाऱ्या रंगाने होतं. तो ऑइलमध्ये मिसळायचा, इंजिन थोडा वेळ चालवायचं आणि अतिनील टॉर्च मारायचा. गळतीची वाट हिरवी-पिवळी झगमगते. गल्लीतल्या गॅरेजात हा टॉर्च नसला, तरी पावडरीचा डबा सगळ्यांच्या घरी आहे.

यात गाडीखाली वाकून बघायचा मोह होईल. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, अगदी ‘एकच मिनिट’ म्हणूनही नाही. त्यापेक्षा रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा आणि चाकांच्या जागा पेनाने खुणा करून ठेवा. सकाळी डाग इंजिनच्या कुठल्या बाजूला आहे ते उभ्या उभ्या कळतं.

आणि हो, नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर सगळं एकदा पुसून दोन दिवस थांबा. भरताना सांडलेलं किंवा फिल्टर काढताना ओघळलेलं ऑइल गळतीचं सोंग फार बेमालूम वठवतं.

आरोपींची ओळखपरेड

पहिला मान टॅपेट कव्हरच्या पॅकिंगला. इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाखालची ही रबराची कडा. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ती प्लॅस्टिकसारखी टणक होते. खूण काय? सिग्नलला थांबलं की जळक्या तेलाचा वास, कारण थेंब गरम सायलेन्सरच्या मुळावर पडत असतात. काही इंजिनांत याच झाकणातून स्पार्क प्लगच्या विहिरी खाली जातात. तिथलं छोटं सील गेलं, की ऑइल बाहेर न येता विहिरीत भरतं. जमीन कोरडी ठणठणीत, पण गाडी मिसिंग मारायला लागते. कॉइल उपसून काढली की तिचं टोक तेलात बुडवून काढल्यागत येतं.

या झाकणाचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत ८ ते १० न्यूटन-मीटरइतकेच आवळायचे असतात. म्हणजे छोटा पाना आणि दोन बोटं. पण ‘घट्ट म्हणजे चांगलं’ असं मानणारा एखादा पहिलवान भेटतो, झाकण वाकतं आणि नव्या पॅकिंगमधूनही गळती सुरू राहते. आवळतानाही मधून सुरुवात करून आडवं-तिडवं बाहेर जायचं.

दुसरा अंगठ्याएवढा आहे: ऑइल प्रेशर स्विच. बिचारा कोणाच्या खिजगणतीत नसतो. तो फुटला की ऑइल त्याच्या प्लगमधून, कधी कधी चक्क वायरच्या आतून झिरपतं. तो सहज हाताला लागत असेल, तर बदलायला मिनिटांचं काम.

ऑइल फिल्टरची गोष्ट सर्वांत नाट्यमय. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते. ते न बघता नवा फिल्टर बसवला की एकावर एक दोन रिंगा होतात. गॅरेजमधून गाडी व्यवस्थित निघते, हायवेला प्रेशर चढतं, वरची रिंग सरकते आणि काही मिनिटांत इंजिन रिकामं. फिल्टर बदलताना जागेवर उभे असाल तर एवढंच विचारा, ‘जुनी रिंग आली ना सोबत?’

इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरच्या नटाखालचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर एकदाच दबण्यासाठी बनवलेला असतो. दबला की त्याचं आयुष्य संपलं. तरी तोच पुन्हा बसवतात, मग गळू नये म्हणून नट जास्त आवळतात, आणि एक दिवस चेंबरचे आटेच जातात. किरकोळ वॉशर वाचवून नवं चेंबर.

आणि शेवटी खरोखरच मागचं क्रँक सील. सील काहीशे रुपयांचं, पण तिथवर पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. नाकापेक्षा मोती जड. ते करावंच लागलं, तर क्लच प्लेटची अवस्थाही त्याच वेळी बघून घ्या. ती झिजली असेल तर दुसऱ्यांदा तीच मजुरी भरण्यात काय अर्थ आहे?

इंजिनालाही श्वास लागतो

चार ठिकाणचं पॅकिंग बदललं आणि पाचव्या ठिकाणी गळायला लागलं, तर दोष पॅकिंगचा नाही. पिस्टनच्या फटींतून थोडा गॅस कायम खाली उतरत असतो. तो बाहेर पडायची वाट, म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा ब्रीदरची नळी, काजळीने तुंबली की आत दाब साचतो आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून रस्ता काढतं. इंजिन आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण सोडवून नुसतं तोंडावर ठेवा. पेट्रोल गाडीत ते जवळपास स्वस्थ बसलं किंवा जरा आत ओढलं गेलं तर ठीक. टणाटण उडायला लागलं तर आधी ब्रीदर साफ करून घ्या.

पूर्वी हा गॅस एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलपासून गाड्यांमध्ये तो पुन्हा इंजिनातच जाळायची सोय आली. जुन्या फोटोंत काँक्रीटच्या रस्त्यावर प्रत्येक लेनच्या मधोमध जो काळा पट्टा दिसतो, त्याचं बरंचसं श्रेय या नळ्यांना आणि थेंब थेंब गळणाऱ्या इंजिनांना आहे.

झाडाची साल, गाईचं कातडं आणि एक म्हातारा

गळती रोखण्याचा इतिहास गळतीपेक्षा रंजक आहे. जुन्या गाड्यांची पॅकिंगं बुचाची असायची, वाइनच्या बाटलीला लागतं त्याच बुचाची. ही एका ओक जातीच्या झाडाची साल. झाड न तोडता ती सोलून घेतात आणि पुन्हा सोलायला निदान ९ वर्षं थांबतात. जगातलं जवळपास निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं.

फिरत्या दांड्याभोवतीचं सील आधी चामड्याचं असे. जर्मनीत वाइनहाइम गावी १८४९ मध्ये कातडी कमावण्याच्या धंद्यातून सुरू झालेली फ्रॉइडेनबर्ग ही कंपनी आहे. जागतिक मंदीत चामड्याचा धंदा बसला, तेव्हा वाल्टर झिमर या तिथल्या अभियंत्याने पत्र्याच्या कड्यात चामड्याची लवचीक कडा बसवून मोटारींसाठी सील तयार केलं. पुढे चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. साधं नैसर्गिक रबर इथे चालत नाही, कारण खनिज तेलात ते फुगतं आणि लिबलिबीत होतं. खात्री करायची तर एक रबरबँड वाटीभर इंजिन ऑइलमध्ये काही दिवस टाकून बघा.

सर्वांत साधी चीज म्हणजे ओ-रिंग, नुसतं रबराचं वळं. तिचं अमेरिकन पेटंट नील्स ख्रिस्टेनसेन या डेन्मार्कहून आलेल्या गृहस्थाला १९३९ मध्ये मिळालं, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि अमेरिकी सरकारने ते पेटंट ताब्यात घेऊन विमानांसाठी सर्रास वापरायला दिलं. याच साध्या वळ्याने थंडीत लवचीकपणा गमावला आणि २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयान कोसळलं. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीत रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून ते सगळ्यांसमोर दाखवलं. पार्किंगमधला डाग काय, आणि अंतराळयान काय!

आता ट्यूबमधून पिळायचं सिलिकॉन आलंय. त्यातल्या एका प्रकाराला लावताना व्हिनेगरचा वास येतो, कारण सुकताना त्यातून अ‍ॅसिटिक आम्लच बाहेर पडतं. ते हवेतली ओल पिऊन घट्ट होतं, म्हणजे कोकणातल्या पावसाळ्यात लवकर आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात रेंगाळत. ट्यूबवर दिलेला वेळ न पाळता इंजिन चालू करणारे आणि केकवर आयसिंग घातल्यागत ट्यूब रिकामी करणारे, दोघेही टाळा. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूने तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतं. गळती थांबते आणि इंजिन बसतं.

मुलतानी मातीचं अमेरिकन मांजर

फरशीवर सांडलेलं ऑइल शोषून घ्यायला मुलतानी मातीच्या जातीची चिकणमाती उत्तम. अमेरिकेत एड लोवे यांच्या घरचा धंदाच कारखान्यांना असले शोषक पदार्थ पुरवण्याचा. १९४७ मध्ये एका शेजारणीने मांजराच्या पेटीसाठी वाळू मागितली, त्यांनी ही माती दिली. तीच पुढे ‘किटी लिटर’ नावाने विकली गेली आणि लोवे कोट्यधीश झाले. आता तिकडे गॅरेजमध्ये ऑइल सांडलं, की मेकॅनिक दुकानातून मांजराची माती आणतो. आपल्याकडे लाकडाचा भुसा, राख किंवा सिमेंटनेही भागतं. टाकायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी झाडून घ्यायचं आणि मग साबण.

रस्त्यावर ऑइल सांडलं की आपल्या शहरांत अग्निशमन दलाचे जवान माती टाकायला येतात, पहिल्या पावसानंतर तर हमखास. महिनोन्‌महिने साचलेला तेलाचा पापुद्रा पाण्यावर तरंगून वर येतो आणि दुचाकीवाले पटापट पडतात. मोटार शर्यतींमध्ये ट्रॅकवर ऑइल पडलं की लाल-पिवळ्या उभ्या पट्ट्यांचा झेंडा दाखवतात. गळणारी गाडीच सापडली, तर तिच्या नंबरासोबत काळा झेंडा आणि त्यावर नारिंगी गोल. मुकाट्याने पिटमध्ये यायचं.

तो लाल दिवा

डॅशबोर्डवरचा अल्लाउद्दीनचा लाल दिवा ऑइल ‘कमी’ झाल्याचं सांगत नाही, ऑइलचं प्रेशर गेल्याचं सांगतो. तो पेटतो तेव्हा बेअरिंगं कोरडी पडायला लागलेली असतात. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ हा विचार इंजिनच्या जिवावर बेततो. बाजूला घ्या, तिथल्या तिथे बंद करा.

टर्बो डिझेलमध्ये क्वचित याहून भयंकर प्रकार घडतो. टर्बोचं सील गेलं की इंजिन स्वतःचंच ऑइल हवेच्या वाटेने ओढून इंधन म्हणून जाळायला लागतं. किल्ली बंद केली तरी ते बंद होत नाही, उलट किंचाळत वेग वाढवतं आणि मागे धुराचा डोंगर. मॅन्युअल गाडीत उपाय असा: ब्रेक दाबून धरायचा, सर्वांत वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन बळजबरीने बंद पाडायचं.

बाटलीतला चमत्कार

गळती थांबवणाऱ्या द्रवांच्या बाटल्या मिळतात. त्यातली रसायनं आकसलेलं रबर थोडं फुगवतात, त्यामुळे घाम आल्यागत पाझरणारं सील काही महिने गप्प बसतं. फाटलेल्या पॅकिंगपुढे किंवा गेलेल्या आट्यांपुढे त्यांचं काही चालत नाही. जुनी गाडी वर्षभरात विकायची असेल तर ठीक, नाहीतर ते पैसे नव्या पॅकिंगवर घाला. ‘सिंथेटिक ऑइल टाकलं की गळती सुरू होते’ हीसुद्धा १९७० च्या दशकातल्या सुरुवातीच्या ऑइलांवरून उरलेली भीती. आजची ऑइलं सील सांभाळूनच बनवलेली असतात.

गॅरेजमध्ये गेलात की ‘किती होतील?’ हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला असा: ‘कुठून गळतंय, ते टॉर्च मारून दाखवा.’ जो दाखवेल त्याला गाडी द्या. दाखवता येत नसेल, तर पुसून घेऊन आणखी दोन दिवस चालवा, तोवर डिपस्टिकवर लक्ष ठेवा. आणि काढलेलं जुनं ऑइल कुंडीत, गटारात किंवा नाल्यात ओतू नका. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार तो घातक कचरा आहे. झाकणबंद डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या, म्हणजे ते पुन्हा शुद्ध करणाऱ्यांपर्यंत पोचेल.